"इस्त्रीवाल्याच्या मुलाला मिळाली, आमच्या मुलाला नाही"

फेब्रुवारी उजाडला की माझ्याकडे समुपदेशनासाठी एक ठरावीक गर्दी सुरू होते. शाळाप्रवेशावरून आलोय, असं सरळ कुणी सांगत नाही. मूल जेवत नाही, रात्री दचकून उठतं, अंथरूण ओलं करायला लागलंय, अशी सुरुवात होते. दहाव्या मिनिटाला शाळेचं नाव निघतं आणि मग ते वाक्य येतं, "मॅडम, हे फेअर नाहीये हो."

हे जोडपंही असंच आलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि पाच बैठकींचं इथे सार दिलंय.) बाबा आयटीत, आई घरून अकाउंट्सची कामं करणारी, मुलगा सहा वर्षांचा. पहिलीसाठी तीन शाळांत अर्ज आणि तिन्हीकडे नकार. त्यातल्या एकीत 'इंटरॅक्शन' झाली होती. मुलाला चित्रातला प्राणी ओळखायला सांगितलं. तो "म्हैस" म्हणाला, समोरच्या बाईंच्या कपाळावर आठी पडली, आणि पुढे त्याने तोंडच उघडलं नाही.

"बफेलो येतं हो त्याला," आई मला सांगत होती. तिसऱ्यांदा.

तोवर मुलाने माझ्या खोलीतली दोन स्टुलं समोरासमोर मांडली होती. एकावर कापडी अस्वल, दुसऱ्यावर तो. "व्हॉट इज युवर नेम?" अस्वल गप्प. "नेक्स्ट!" म्हणत त्याने अस्वलाला उचललं आणि दाराबाहेर ठेवून आला. आईचं वाक्य तिथेच तुटलं.

बाबांचा राग मात्र भलतीकडेच होता. सोसायटीच्या गेटजवळ इस्त्रीचं टेबल लावणाऱ्याच्या मुलाला त्याच शाळेत आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) लॉटरीतून जागा मिळाली होती. "टॅक्स आम्ही भरायचा आणि सीट त्यांना? आमच्या मुलाने काय पाप केलंय?"

हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता पाठ झालंय. पूर्वी मी इथे समजावायला लागायचे : २००९चा कायदा, विनाअनुदानित खासगी शाळांत दुर्बल आणि वंचित घटकांसाठी किमान २५ टक्के जागा, २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर केलेलं शिक्कामोर्तब. लोक मान डोलवायचे आणि राग जशाच्या तसा घरी घेऊन जायचे. दुखऱ्या माणसाला माहिती देऊन उपयोग नसतो, आधी त्याचं दुखणं नेमकं कुठे आहे ते त्यालाच सापडावं लागतं. माझी सगळी भिस्त यावरच आहे. म्हणून मी फक्त हिशेब विचारला.

"वर्गात जागा किती?"

"चाळीस."

"आरटीईच्या?"

"दहा."

"मग तीस कुणाला मिळाल्या?"

ते बोटांवर मोजायला लागले. आधीच शाळेत असलेल्यांची भावंडं, माजी विद्यार्थ्यांची मुलं, कुणी ट्रस्टींच्या ओळखीचे. "आणि पाकीटवाले असतील."

"त्यांचा राग येतो?"

बराच वेळ ते पंख्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ते दिसत नाहीत ना. हा रोज सकाळी दिसतो."

या वाक्यासाठी मी तीन बैठकी थांबले होते. तरीही काही बोलले नाही, आणि ते बरंच झालं, कारण पुढचं त्यांच्या बायकोने केलं. "तुझी इंजिनिअरिंगची फी ईबीसीच्या, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या, सवलतीत होती. अण्णांनी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे चार खेपा घातल्या होत्या, तूच सांगतोस ना?"

"पाच," ते म्हणाले. आणि हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा, असं तिने मला नंतर फोनवर सांगितलं.

त्या संध्याकाळी मला जे उमगलं ते आता मी प्रत्येक पालकाला सांगते. आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधतो. व्यवस्था अन्यायाची आहे का, हा एक प्रश्न. माझं मूल कमी पडलं का, हा दुसरा. लॉटरीने कुणाच्याच मुलाकडे बघितलेलं नसतं, इंटरॅक्शनने सात मिनिटं बघितलेलं असतं. दोन्हींतून मुलाबद्दल काहीही कळत नाही. पण घरात गाठोडं सुटत नाही, आणि मूल फक्त दुसरा प्रश्न ऐकतं. तेही जेवणाच्या टेबलावर, आपल्याला वाटतं ते कार्टून बघतंय तेव्हा.

पहिल्या प्रश्नावर जरूर चिडा, पण राग योग्य पत्त्यावर पाठवा. आरटीई कायद्याच्या कलम १३नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड आहे, नंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. देणगी घेतली तर तिच्या दहापटीपर्यंत. कलम ३२खाली स्थानिक प्राधिकरणाकडे (महापालिका, जिल्हा परिषद वगैरे) लेखी तक्रार करता येते आणि तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित असतो. दाद मागून काही होत नाही म्हणणाऱ्यांना मी २०२४ची आठवण देते. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला आरटीईच्या २५ टक्के जागांतून सूट, असा बदल राज्य सरकारने केला होता. पालक कोर्टात गेले आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

आणि खोटा भाडेकरार किंवा उत्पन्नाचा दाखला 'मिळवून' लॉटरीत उतरावं का, असं मला विचारू नका. विचारतात, म्हणून लिहितेय.

एक कबुलीही देऊन टाकते. माझ्या मुलीच्या वेळी मी पहाटे चारला फॉर्मच्या रांगेत उभी होते, आणि तरीही शेवटी कामाला आली ती सासऱ्यांची ओळख. म्हणजे त्या न दिसणाऱ्या तिसांत मीही होते. त्या मुलाच्या बाबांशी बोलताना हे मला सारखं टोचत होतं. त्यांना सांगितलं नाही, सांगायला हवं होतं की काय, ते अजून ठरत नाही.

मुलगा आता घरापासून दहा मिनिटांवरच्या सेमी-इंग्रजी शाळेत जातो. जूनच्या आधी बाबांनी त्याला समोर बसवून सांगितलं, "त्या शाळेत जागा कमी होत्या. तुझं काही चुकलं नव्हतं. म्हशीला म्हैसच म्हणतात." काय बोलायचं ते आम्ही मिळून ठरवलं होतं, पण म्हशीचं वाक्य त्यांचं स्वतःचं.

इंटरॅक्शनबद्दलची तक्रारही त्यांनी केली आहे, पोच घेऊन. तीन महिने पुरे व्हायला अजून अकरा दिवस आहेत.