सौर वादळात वरचा प्लाझ्मा पळतो कुठे?

प्रश्न: सूर्यावर स्फोट झाला की जीपीएस गंडतं म्हणतात. पण सूर्य १५ कोटी किलोमीटर लांब, मग इथे वर नेमकं हलतं काय?

उत्तर: हलतो तो आयनोस्फिअर या वातावरणाच्या वरच्या थरातला प्लाझ्मा, म्हणजे उन्हाने इलेक्ट्रॉन सुटे झालेली विरळ हवा. एरवीही तो गप्प नसतोच बरं का, दिवसा चुंबकीय विषुववृत्तावर विद्युतक्षेत्र पूर्वेकडे, चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे, या दोघांच्या तावडीत सापडून तो वर उचलला जातो आणि मग चुंबकीय रेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना साधारण १५ अंशांवर साचतो, अगदी कारंजंच. सूर्यावरच्या स्फोटाचा तडाखा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला बसून वादळ आलं की ध्रुवांकडचं विद्युतक्षेत्र बघता बघता थेट विषुववृत्तापर्यंत घुसतं, आणि कारंजं एकदम उसळतं.

खरी गंमत नंतर आहे. काही तासांनी ध्रुवांजवळ तापलेल्या हवेचे वारे विषुववृत्ताकडे सुटतात, त्यातून उलट दिशेचं विद्युतक्षेत्र तयार होतं आणि दिवसा तेच कारंजं दाबलं जातं!

या उलथापालथीत प्लाझ्मा कुठे दाट, कुठे पातळ होतो, सॅटेलाइटचा सिग्नल कमीजास्त रेंगाळतो आणि जागा चुकते. मे २०२४ च्या वादळात अमेरिकेत ऐन पेरणीच्या दिवसांत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर असेच भरकटले होते.