गल्फच्या मेडिकलमध्ये 'अनफिट' आलं, आता पुढे काय? (खेडच्या सदस्यांना उत्तर)

तुमचा प्रश्न वाचला. धाकटा भाऊ २७ वर्षांचा, कतारला निघालेला. मुंबईत मेडिकल झालं आणि ऑनलाइन 'अनफिट' दिसतंय. सेंटरवरच्या माणसाने तोंडी 'एचआयव्ही रिॲक्टिव्ह' (म्हणजे चाचणीत लागणीची खूण दिसली) एवढंच सांगितलं, हातात कागद दिला नाही. एजंट म्हणतो, पैसे द्या, दुसऱ्याचं रक्त देऊन काम करून देतो. भाऊ चार दिवस खोलीबाहेर आलेला नाही. घरी कुणाला माहीत नाही आणि मे महिन्यात लग्न ठरलंय.

मी रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात एचआयव्ही समुपदेशक म्हणून १४ वर्षं काम केलं. खेड, दापोली, मंडणगडकडची अशी कितीतरी मुलं माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून गेली. त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

आधी भावाच्या खोलीचं दार. चाचणीपेक्षाही ते मोठं आहे. आज रात्री त्याच्या खोलीत झोपा. फार बोलू नका, उपदेश नको, 'कुठे गेला होतास' हा प्रश्न तर अजिबात नको. जिवाचं बरंवाईट करून घ्यायचं त्याच्या मनात येतंय का, हे मात्र सरळ विचारा. विचारल्याने कुणी तसं करत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तो तसं काही बोलला, तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. एचआयव्हीसाठीची सरकारी हेल्पलाइन १०९७. दोन्ही नंबर त्याच्या मोबाइलमध्ये तुम्हीच सेव्ह करून द्या.

आता रिपोर्ट. मेडिकल सेंटरची तपासणी माणसं गाळण्यासाठी असते. तिथे एकदा रिॲक्टिव्ह आलं म्हणजे निदान पक्कं झालं असं नाही. सरकारी आयसीटीसीमध्ये (एचआयव्हीच्या चाचणी-समुपदेशन केंद्रात) पहिली चाचणी रिॲक्टिव्ह आली, की आणखी दोन वेगळ्या किटवर तपासतात आणि तिन्ही जुळल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. पहिली रिॲक्टिव्ह आणि पुढच्या दोन निगेटिव्ह, असे रिपोर्ट मी स्वतः हातात घेतलेत. पण त्या आशेवर दिवस काढू नका. उपजिल्हा रुग्णालयात किंवा सिव्हिलला आयसीटीसी असते. सकाळी गेलात तर बहुतेक त्याच दिवशी कळतं, पैसे लागत नाहीत. चाचणीच्या आधी आणि नंतर समुपदेशक त्याच्याशी एकट्याशी बोलतील, तेव्हा तुम्ही बाहेर थांबा.

एजंटचा नाद सोडा, हे मी हात जोडून सांगते. सौदी, कतार, कुवेत, बहरीन, ओमान आणि युएई या सहा देशांच्या मेडिकलची नोंद एकाच ऑनलाइन व्यवस्थेत पासपोर्टच्या नावावर राहते. समजा त्यातूनही तो निसटला, तरी तिथे उतरल्यावर राहण्याचा परवाना मिळण्याआधी पुन्हा रक्त घेऊ शकतात. तिथे दुसऱ्याचं रक्त कोण देणार? मग परत पाठवणी, डोक्यावर एजंटचं कर्ज आणि मध्ये गेलेले महिने बिनऔषधाचे.

हे बिनऔषधाचे महिनेच माणसाला खातात. एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून.

एक बाई पाचव्या महिन्यात नाव नोंदवायला आली. गरोदरपणाच्या नेहमीच्या तपासण्यांत एचआयव्ही पॉझिटिव्ह. नवरा आठ महिन्यांपूर्वी आखातातून परत आला होता. दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन आली. त्याने पासपोर्टच्या प्लास्टिकच्या पिशवीतून चार घड्या घातलेला अरबी कागद काढून टेबलावर ठेवला. वरच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्या फोटोवर अंगठा दाबून धरला होता. व्हिसा रिन्यू करतानाच्या मेडिकलनंतर कंपनीच्या माणसाने सामान भरायला सांगितलं आणि दोन दिवसांत विमानात बसवलं. का, ते कुणी सांगितलं नाही. गावात अरबी वाचणारे होते, पण दाखवायची भीती वाटली म्हणून कागद कपाटात कपड्यांखाली राहिला. त्यावरची तारीख तो परत यायच्या आठवड्यातली होती.

त्या कागदासोबत कुणी एवढंच बोललं असतं, की 'गावी गेल्यावर सरकारी दवाखान्यात जा, बायकोलाही ने', तर? आमच्याकडे आल्यावर तिला त्याच आठवड्यात गोळ्या सुरू झाल्या, बाळाला जन्मल्यापासून नेव्हिरॅपीन हे लागण टाळायचं औषध दिलं आणि १८ महिन्यांची शेवटची चाचणी निगेटिव्ह आली. त्या दिवशी मी केबिनचं दार लावून रडले. पण तिची स्वतःची लागण टळू शकली असती, हे माझ्या मनातून आजही जात नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की व्हिसासाठीच्या या चाचणीला आरोग्यसेवा म्हणू नये. ती त्या देशाला माणूस नको असल्याचं सांगते, माणसाला औषधापर्यंत पोचवत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१० साली शिफारस क्रमांक २०० मध्ये स्पष्ट म्हटलंय, की स्थलांतरित कामगारांसह कुणाही कामगारावर एचआयव्ही चाचणीची सक्ती करू नये. पण आखातात ती आहे, मलेशियात परदेशी कामगारांची तपासणी ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा होते, सिंगापूरच्या वर्क परमिटलाही आहे. चीन आणि दक्षिण कोरियाने २०१० मध्ये प्रवेशावरची बंदी उठवली. जपानच्या व्हिसाला एचआयव्ही चाचणीची अटच नाही. 'आता दुसरा कुठला देश?' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. पण तो निर्णय सहा महिन्यांनी, औषध अंगी लागल्यावर घ्या.

तुम्ही विचारलंय, 'आमचा भाऊ तसा नाही, मग कसं झालं?' तसा म्हणजे कसा? बाहेर राबणाऱ्या माणसाचं जगणं बघा. एका खोलीत आठ-दहा जण, वर्ष-दोन वर्षं घरचं माणूस दिसत नाही, पासपोर्ट मालकाकडे. गुप्तरोगाची साधी तक्रार घेऊन डॉक्टरकडे जावं, तर रक्त तपासतील आणि घरी पाठवतील ही भीती. मग दुखणं अंगावर काढतात, नाहीतर मित्राने दिलेल्या गोळ्या खातात. घरकामाला गेलेल्या बायकांना तर मालकाच्या दाराबाहेर पडायची मुभा नसते, त्यांच्यावर जबरदस्ती झाली तर दाद कुठे मागणार? आणि हे आखातापुरतं नाही. नेपाळच्या सुदूर पश्चिमेकडून, अछामसारख्या जिल्ह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईत येतात. आपल्या सोसायट्यांचे वॉचमन त्यांतलेच. त्यांच्या गावांत या आजाराला 'मुंबईचा रोग' म्हणत आलेत. कोकणात सौदीकडे बोट दाखवायचं आणि अछाममध्ये मुंबईकडे. बोट कुठेही दाखवा, हाल घरापासून लांब राबणाऱ्याचेच.

आता औषध. चाचणी पक्की झाली तर एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्राला, नाव नोंदवतात, ते सिव्हिलला आहे. भारतात ही औषधं १ एप्रिल २००४ पासून सरकारकडून फुकट मिळतात. पूर्वी सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) खाली यायची वाट बघायचे, २०१७ पासून निदान झालं की उपचार सुरू, असं धोरण आहे. आधी टीबीची लक्षणं आहेत का ते बघतील, रक्त घेतील. मग सहसा रोज एकच गोळी, तिच्यात तीन औषधं असतात. पहिले काही दिवस मळमळ, डोकं जड, विचित्र स्वप्नं असं होऊ शकतं. बहुतेकांचं थांबतं, पण त्रास झाला म्हणून मनाने गोळी बंद करायची नाही, सेंटरला फोन करायचा. सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासतात. नियमित गोळी घेऊन विषाणू रक्तात सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. ही गोष्ट भावाला स्वतः वाचायला द्या.

तो पुढे मुंबईला किंवा पुण्याला कामाला गेला, तर जाण्याआधी सेंटरवर सांगून ट्रान्सफर घ्यावी, म्हणजे तिकडच्या सेंटरवर गोळ्या सुरू राहतात. बरेच जण न सांगता जातात आणि दोन महिने गोळ्या सुटतात. सुटी संपवून निघालेले कितीतरी चाकरमानी एसटी स्टँडवरून मला फोन करायचे, 'मॅडम, गोळ्या घरीच राहिल्या.' त्याला सांगा, पाकीट आणि गोळ्या एकाच खिशात.

कायद्याचंही सांगते. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ पासून. परदेशी व्हिसाच्या अटींना तो हात लावू शकत नाही. पण इथे भारतात समजावून, संमती घेऊनच चाचणी करायची असते आणि चाचणीनंतरही समुपदेशन करावं लागतं. नोकरी देताना ही चाचणी मागता येत नाही, या कारणावरून कामावरून काढता येत नाही. तक्रारीसाठी राज्यात लोकपालाची तरतूद आहे. एजंटने गावात तोंड उघडलं तर वकिलाकडे जायला कचरू नका.

राहिलं लग्न. चाचणी पक्की होईपर्यंत कुणाला काही सांगू नका, पण पत्रिकाही छापू नका. पॉझिटिव्ह ठरलं तर मुलीला लग्नाआधी कळलंच पाहिजे, आणि ते त्याच्याच तोंडून. जोडीदाराला लागण होऊ नये याची काळजी घ्यायची जबाबदारी याच कायद्याने त्याच्यावर आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. हवं तर समुपदेशकाच्या समोर बोलू दे. ती नाही म्हणाली तर तिचा राग धरू नका. हो म्हणाली तर दोघांनी एआरटी सेंटरच्या डॉक्टरांना भेटावं. अशा जोडप्यांची निगेटिव्ह मुलं मी शाळेत जाताना पाहिली आहेत.

आई-वडिलांना कधी सांगायचं ते भावाला ठरवू दे.

सोमवारी सकाळी त्याला घेऊन आयसीटीसीला जा. मेडिकलचा ऑनलाइन निकाल मोबाइलवर असू दे, ओळखपत्र बरोबर घ्या. उपाशीपोटी जायची गरज नाही, त्याला नाश्ता करूनच न्या. दारात गर्दी असेल तर कशासाठी आलात ते मोठ्याने सांगू नका, समुपदेशकांना भेटायचंय एवढंच म्हणा. रिपोर्ट आल्यावर इथे सगळ्यांसमोर लिहू नका, मला व्यक्तिगत निरोप पाठवा. रात्री नऊनंतर मी वाचते.