कॅप्चर चालू असताना लेव्हल कुठे बघायची?

प्रश्न : नमस्कार दादा, जुन्या व्हीएचएस टेपा यूएसबी कॅप्चर कार्डने कॉम्प्युटरवर घेतोय, सॉफ्टवेअर व्हर्च्युअलडब. घेताना स्क्रीनवर सगळं झकास दिसतं, पण नंतर फाइल उघडली की पांढऱ्या शर्टाच्या घड्याच गायब, एडिटिंगमध्ये ब्राइटनेस कमी केला तर शर्ट नुसता राखाडी होतो. हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेडाचा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) लावला तर डावीकडे सतत लाल, म्हणून ब्राइटनेस वाढवत बसलो. सोबत बघता यावं म्हणून वाय केबल लावून टीव्हीलाही सिग्नल दिलाय. चुकतंय कुठे?

उत्तर : आधी ती वाय केबल काढा, बाकीचं मग. कंपोझिट सिग्नल (पिवळ्या पिनेतून येणारा चित्राचा सिग्नल) साधारण १ व्होल्टचा असतो आणि तो पुढे एकाच ७५ ओहमच्या इनपुटला जाणार असं धरलेलं असतं, तुम्ही टीव्ही आणि कार्ड अशी दोन इनपुटं एकदम जोडलीत की लेव्हल, म्हणजे सिग्नलची ताकद, दोन तृतीयांशावर येते. वर काही कार्डांचं ऑटो गेन (लेव्हल आपोआप कमीजास्त करणारी सोय) हे भरून काढायला जातं, मग काय खरं काय खोटं कळतच नाही. आणि केबल काढलीत की आजवर केलेली सगळी सेटिंग बाद, हे मात्र मान्य करून टाका. बघायचंच असेल तर व्हीसीआरला दुसरं आउटपुट असतं बऱ्याचदा, ते टीव्हीला द्या.

आता लाल रंग. ८ बिट व्हिडिओत आकडे ० ते २५५, पण काळा धरायचा १६ आणि पांढरा २३५, त्याच्या बाहेर गेलं की व्हर्च्युअलडब लाल दाखवतो. तुमचं डावीकडचं लाल बहुतेक चित्राचं नाहीच! व्हीएचएसच्या चित्राला कडेने काळी पट्टी असते आणि अगदी तळाला ती फाटल्यासारखी थरथरणारी रेघ (हेड स्विचिंग म्हणतात तिला), हे सगळं हिस्टोग्राममध्ये मोजलं जातं आणि तुम्ही बिचारे त्या पट्टीसाठी ब्राइटनेस वाढवताय, म्हणजे शर्ट वर ढकलताय. क्रॉपिंगमध्ये जाऊन चारही कडा तात्पुरत्या कापा, लेव्हल लावा आणि कॅप्चर सुरू करण्याआधी क्रॉप परत शून्य करा. हे शेवटचं विसरतात लोक, मीही विसरलोय, अख्खी टेप कापलेली निघाली होती.

लेव्हल लावताना टेप पुढेमागे करून सगळ्यात उजळ सीन शोधा, आकाश, खिडकी, तुमचा तो शर्ट, आणि एक सगळ्यात अंधारा. ब्राइटनेसने हिस्टोग्राममधला अख्खा डोंगर डावीउजवीकडे सरकतो, कॉन्ट्रास्टने तो पसरतो किंवा आवळतो, म्हणून आधी कॉन्ट्रास्टने रुंदी बसवा मग ब्राइटनेसने जागा. दोन्ही सीन लालच्या आत बसले की हात काढा. कॅप्चर चालू असताना स्लायडर हलवायचा मोह होतोच, पण तो झटका फाइलमध्ये कायमचा दिसतो, त्यापेक्षा एखादा सीन थोडा फिका राहिलेला परवडला, तो नंतर सुधारता येतो.

एक गोष्ट मात्र नीट बघा. उजव्या टोकाला डोंगराचा उतार हळूहळू संपतोय की एकदम उभी भिंत आहे? भिंत असेल तर कॉन्ट्रास्ट कमी करा. भिंत मोडून उतार दिसायला लागला तर सुटलात. भिंत तशीच उभी राहून नुसती डावीकडे सरकली तर पांढरा रंग स्लायडरच्या आधीच कापला गेलाय, कार्डाच्या डिजिटल रूपांतरात नाहीतर त्याच्याही मागे, मग तो स्लायडर कितीही फिरवा उपयोग नाही, कार्डाच्या आधी प्रॉक अँप (सिग्नलची लेव्हल कमीजास्त करणारी वेगळी पेटी) लावून सिग्नलच कमी करावा लागतो.

आणि आधीच्या फायली लगेच डिलीट करू नका हं. २३५ च्या वरचं बरंच काही फाइलमध्ये जिवंत असू शकतं, पण बरेच एडिटर व्हिडिओ आधी आरजीबीत (लाल-हिरवा-निळा अशा आकड्यांत) नेतात आणि तिथे वरचं छाटतात, त्यानंतर ब्राइटनेस कमी केला की शर्ट राखाडीच होणार. एफएफएमपेग या फुकट व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या सिग्नलस्टॅट्स फिल्टरमध्ये वायमॅक्स (फ्रेममधला सगळ्यात उजळ आकडा) बघा, तो सलग फ्रेममध्ये २५५ ला चिकटलेला असेल तर आशा कमी, मधेच कुठे २४० च्या आसपास असेल तर घड्या शिल्लक असू शकतात, आरजीबीत न नेता वायमधेच (वाय म्हणजे व्हिडिओतला उजेडाचा भाग) लेव्हल खाली आणून बघा. मोजताना इथेही कडा कापूनच मोजा.

प्रश्न : ओबीएस या लाइव्ह रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅमेरा एचडीएमआय कार्डवरून लाइव्ह घेतो, काळा रंग राखाडी दिसतो. कॅमेरा खराब का?

उत्तर : कॅमेऱ्याला कशाला दोष, बहुधा रेंजची गल्लत आहे. कॅमेरा १६ ते २३५ पाठवतोय आणि ओबीएस ते ० ते २५५ समजतंय, म्हणून १६ चा काळा राखाडी दिसतो. सोर्सच्या प्रॉपर्टीजमध्ये कलर रेंज लिमिटेड करून बघा. उलट झालं असेल, म्हणजे सावल्या काळ्याठिक्कर आणि चेहरे करपलेले, तर फुल. डोळ्यावर जाऊ नका, लेन्सला झाकण लावा आणि वेव्हफॉर्म (उजेड खाली-वर रेघेने दाखवणारा आलेख) दाखवणारा प्लगइन टाकून रेघ कुठे बसते ते बघा, अगदी तळाला टेकली तर ठीक, थोडी वर तरंगत राहिली तर रेंज अजून चुकलेलीच आहे.