मायएसक्यूएल डेटाबेसची टीएमपी (तात्पुरत्या फायलींची जागा) सारखी भरते, मोठी डिस्क लावू का?

तुम्ही लिहिलंय, 'एरर 28, नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' येते, थोड्या वेळानं पाहिलं तर अर्धी डिस्क रिकामी, अन् व्हेंडर म्हणतो सर्व्हर बदला.

व्हेंडरचं ऐकू नका.

आमच्या यवतमाळकडच्या जिनिंगमध्ये हेच झालं, तेही ऐन कापसाच्या हंगामात. रस्त्यापर्यंत बंड्या अन् ट्रॅक्टर लागलेले, काटापट्टी निघेना, चुकारे अडले, कास्तकार शिव्या घालताहेत. नागपूरहून सॉफ्टवेअरवाल्यांचा इंजिनिअर फोनवर आला. त्यानं डीयू (फायलींची जागा मोजणारी कमांड) मारलं, टीएमपीत काहीच नाही. लगेच निदान: हार्डवेअर जुनं झालं. संध्याकाळच्या आत कोटेशन मेलवर! शेटजी सही करायलाच निघाले होते.

अरे, डीयू डिरेक्टरीत ज्यांची नावं आहेत तेवढ्याच फायली मोजतो. मायएसक्यूएल सॉर्टिंगची तात्पुरती फाइल उघडतो अन् तिचं नाव लगेच पुसतो, म्हणजे सर्व्हर मधेच पडला तरी कचरा मागं राहू नये. नाव गेलं तरी जागा अडलेलीच. ती डीएफला, म्हणजे अख्ख्या डिस्कची भरलेली जागा सांगणाऱ्या कमांडला दिसते, डीयूला नाही. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली मागणी, मेली की फाइल बंद, जागा मोकळी, मागून बघणाऱ्याला सगळं साफ.

मी एलएसओएफनं (उघड्या फायली दाखवणारी कमांड) नाव पुसलेल्या पण अजून उघड्या फायली शोधल्या. मायएसक्यूएलच्या नावावर एक फाइल फुगतच चाललेली. शो फुल प्रोसेसलिस्टमध्ये (चालू क्वेरींची यादी) क्वेरीही सापडली: ऑफिसातून कोणी 'खातेदारवार आवक' रिपोर्ट लावला होता, अन् त्यात जॉइनची, म्हणजे दोन तक्ते जोडायची, अटच नव्हती. प्रत्येक पट्टी प्रत्येक खातेदाराला जोडली जात होती. 5 हजार खातेदार, 50 हजार पट्ट्या धरा, झाल्या 25 कोटी ओळी. वर ऑर्डर बाय, म्हणजे त्या सगळ्या क्रमानं लावा. डेटा अन् टीएमपी एकाच पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर), म्हणून काटाही बसला. क्वेरी किल केली, पट्ट्या निघू लागल्या. तो रिपोर्ट कोणाच्या कंपनीनं लिहिला होता, ते सांगायला नको. बिल मात्र आमच्याच माथी मारणार होते.

तर तुम्ही डीएफ अन् प्रोसेसलिस्ट एरर चालू असतानाच बघा. टीएमपीडीआयआर, म्हणजे टीएमपीची जागा ठरवणारं सेटिंग, वेगळ्या पार्टिशनवर न्या; रिपोर्ट पडला तर पडू द्या, कामाच्या नोंदी चालल्या पाहिजेत. नुसती मोठी डिस्क लावाल तर तीच क्वेरी तीही भरून दाखवेल. कोटेशन देणाऱ्याला आधी त्या क्वेरीचा एक्सप्लेन (ती कशी चालणार याचा आराखडा) मागा, मग बघा कसा गप्प होतो.

हां, मायएसक्यूएलची आवृत्ती 5.7 असेल तर आयबीटीएमपी1 ही तात्पुरत्या तक्त्यांची फाइल वेगळी तपासा. ती एकदा फुगली की सर्व्हिस रीस्टार्ट केल्याशिवाय आकसत नाही. सेटिंगमध्ये तिला मॅक्सची मर्यादा घाला. तुमची टीएमपी टीएमपीएफएसवर असेल तर भरतेय ती रॅम, डिस्क नाही. अन् डेटाच खरोखर वाढला असेल, किंवा बायनरी लॉग (डेटातल्या बदलांच्या नोंदी) साचले असतील, तर माझं वरचं अर्धं लागू नाही. जुने लॉग पर्ज करा, म्हणजे काढून टाका, नाही भागलं तर घ्या डिस्क.