जन्मनोंद नाही, मग नातं कशावरून ओळखायचं?

प्रश्न: नमस्कार. मुलगा लेस्टरला असतो, सूनबाई तिथल्याच. त्यांच्या माहेरच्या गावात जुनं चर्च आहे, तिथे भिंतीवर मोठा बोर्ड, साधारण तेराव्या शतकापासूनचे सगळे पाद्री आणि प्रत्येकासमोर 'पॅट्रन' म्हणजे नेमणारा म्हणून दुसऱ्याच कुणाचं तरी नाव. दोन-तीन पाद्री एकाच घराण्याने नेमलेत, मग एकदम वेगळं आडनाव, पुढे तिसरंच. ही घराणी एकमेकांची कोण लागतात? हक्क विकला की सोयरीक होती? जन्म-लग्नाच्या नोंदी मिळतील का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: त्या काळच्या जन्म-लग्नाच्या नोंदी नाही मिळणार, चर्चची ती रजिस्टरं १५३८ मध्ये राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने सुरू झाली. पण तुम्ही पाहिलेला बोर्ड हाच मोठा पुरावा आहे.

पाद्री नेमायचा हक्क, ज्याला ॲडव्हाउजन म्हणतात, ती तेव्हा चक्क मालमत्ता होती आणि बऱ्याचदा मॅनरला म्हणजे गावच्या जहागिरीला जोडलेली असायची, त्यामुळे जमीन जाईल तिकडे हक्क जायचा. सहसा थोरल्या मुलाला सगळं, पण मुलगा नसेल तर सगळ्या मुलींना सारखा वाटा. आडनाव बदललं की आधी विक्री नाही, लेक शोधा!

विल्यम मार्शलचंच घ्या, पेम्ब्रोकचा अर्ल म्हणजे मोठा सरदार, १२१९ मध्ये वारला. पाच मुलगे, पाचही औरस संततीशिवाय गेले, शेवटचा अन्सेल्म १२४५ मध्ये, आणि एवढी प्रचंड इस्टेट पाच बहिणींच्या वंशात वाटली गेली. त्यातल्या सिबिलला सात मुली, म्हणजे तिच्या वाट्याचे परत सात तुकडे. पेम्ब्रोक गेलं धाकट्या जोनच्या मुलीकडे आणि तिचा नवरा विल्यम द व्हॅलेन्स तिथला धनी झाला. नुसतं 'मार्शल' नाव शोधत बसलात तर १२४५ ला वंश संपला असं वाटेल, आणि खरं तर तो डझनभर घराण्यांत पसरलाय.

जमिनीचे असे तुकडे पडतात, पण पाद्री एकच नेमायचा असतो. मग बहिणींचे वंशज आळीपाळीने नेमायचे, आपल्याकडे देवळात पुजाऱ्यांच्या घरांच्या पाळ्या असतात तसंच. म्हणून बोर्डवर दोन-तीन आडनावं फिरून फिरून येत असतील तर मला तरी पहिली शंका हीच येते की मागे कुठेतरी सख्ख्या बहिणी आहेत.

मात्र एक सांभाळा, पॅट्रन म्हणजे मालकच असं नाही. वारस अज्ञान असेल तर पालक नेमतो, कधी खुद्द राजा, बायकोच्या हक्कावर नवरा नेमतो, विधवेच्या वाट्याला चर्च आलं असेल तर ती आणि तिचा दुसरा नवरा. सहा महिन्यांत कुणी नेमलं नाही तर बिशप स्वतः नेमून मोकळा. एका नोंदीवरून वंशावळ लिहू नका, लोक इथेच घाई करतात आणि मग ते झाड इंटरनेटवर कॉपी होत राहतं, वाईट वाटतं बघून.

पडताळा कसा घ्यायचा? थेट राजाकडून जमीन धरणारा माणूस वारला की सरकारी चौकशी व्हायची, ज्युरी बसायची, कोणती जमीन, वारस कोण, त्याचं वय काय, सगळं लिहून ठेवायचे. या चौकश्या तेराव्या शतकापासून सतराव्यापर्यंतच्या आहेत. शिवाय जमिनीच्या तडजोडीचे कागद, फीट ऑफ फाइन्स, ११९५ पासूनचे. दोन्ही लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, आणि पुष्कळांचे इंग्रजी सारांश छापलेले आहेत. चौकशीतलं वय मात्र 'इतकी वर्षं आणि जास्त' असं ढोबळ असतं, त्यावर फार भर नको.

तुमचं नशीब चांगलं आहे. लेस्टरशायर तेव्हा लिंकनच्या बिशपकडे होतं आणि इंग्लंडमधली सर्वात जुनी टिकलेली बिशपची दप्तरं तिथलीच, १२०९ मध्ये बिशप झालेल्या ह्यू ऑफ वेल्सच्या कारकिर्दीपासूनची. सूनबाईंना सांगा, बोर्डवर आडनाव जिथे बदलतं ते साल टिपून घ्या, दप्तरात त्या नेमणुकीला पॅट्रन कोणत्या नात्याने आलाय ते बघा, आणि मग त्याआधीच्या वीसेक वर्षांत त्या मॅनरचा धनी कधी वारला ते शोधा.