"इंग्रजीच धड जमली नाही, जर्मन कशी जमणार?"

"मॅडम, हिला तुम्हीच समजवा. जर्मनच्या क्लासला एवढे पैसे भरले, ए२ची, म्हणजे दुसऱ्या पातळीची परीक्षा पास झाली, आणि आता म्हणते, मी जर्मनीला जात नाही."

कराडजवळच्या गावातून आलेली आई खुर्चीच्या कडेवर बसून बोलत होती. लेक शेजारी, मांडीवर फाइल घट्ट धरून. नुकतीच बारावी झालेली, गणितात आणि भौतिकशास्त्रात उत्तम गुण. ही २०२२च्या जूनमधली गोष्ट. तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते आहे. याच काळजीने माझ्याकडे अनेक मुलं येतात, आणि बहुतेकांना वाटतं की असं फक्त आपल्यालाच होतंय.

जर्मन विद्यापीठात इंजिनिअरिंग, तेही जर्मन भाषेतून, हे स्वप्न तिचंच होतं. गावाकडच्या एका एजंटने सांगितलं होतं, "ए२ वर निघा, तिकडे गेलं की भाषा आपोआप येते." त्यामुळे घरचे निर्धास्त होते आणि ती मात्र आतून खचत चालली होती. मी आईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

"तुला कशाची भीती वाटते?"

बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होते. मला इंग्रजीच धड जमली नाही. जर्मन कशी जमणार?"

अशा वेळी "जमेल गं, घाबरू नकोस" म्हणावंसं वाटतं, पण त्याने काही होत नाही. मी तिला म्हटलं, दहावीतला भौतिकशास्त्राचा कुठलाही धडा मला समजावून सांग, मराठीत. तिने गुरुत्वाकर्षण घेतलं आणि दहा मिनिटं थांबली नाही. पेन वर फेकून दाखवलं, माझ्या टेबलावरच्या कागदावर बाण काढले, मध्येच मला विचारलं, "कळलं का?" ही मुलगी अबोल नव्हतीच. मग तिनेच सांगितलं. अकरावीत कॉलेजमध्ये पहिल्याच महिन्यात तिने इंग्रजीत एक शंका विचारली, उच्चार चुकला, वर्ग हसला. त्यानंतरची दोन वर्षं तिने वर्गात तोंड उघडलं नाही. गुण लिहून मिळवले.

तिला भीती जर्मनची नव्हतीच. परक्या वर्गात पुन्हा मुकं व्हावं लागेल, याची होती. आणि तिने ज्याला आपली उणीव मानलं होतं, ते मराठी माध्यम तिला जर्मनमध्ये फार उपयोगी पडणार होतं. हे मी तिची समजूत काढण्यासाठी म्हणत नव्हते. मी कागद पुढे ओढला.

समीकरण म्हणजे ग्लाइशुंग. 'ग्लाइश' म्हणजे सम. वर्गमूळ म्हणजे क्वाड्राटवुर्त्सेल, 'वुर्त्सेल' म्हणजे झाडाचं मूळ. त्रिकोण म्हणजे द्रायएक, तीन कोन. गुरुत्वबल म्हणजे श्वेअरक्राफ्ट, 'श्वेअर' म्हणजे जड, गुरू, आणि 'क्राफ्ट' म्हणजे बल. विजेचा रोध म्हणजे वीडरश्टांड, विरोधात उभं राहणं. इंग्रजीने असे बरेच शब्द लॅटिन-ग्रीकमधून उचलले, म्हणून ते पाठ करावे लागतात. जर्मनने पुष्कळसे घरच्या शब्दांतून घडवले. आपल्या पाठ्यपुस्तकांनीही संस्कृत धातूंवरून तेच केलं. समीकरण हा शब्द ज्या मुलीला आतून उघडता येतो, तिला ग्लाइशुंगही उघडता येतो.

ती कागदाकडे बघत राहिली. मग मी आकडे घेतले. ८४ जर्मनमध्ये 'फीअर-उंड-आख्त्सिश', चार आणि ऐंशी. इंग्रजीची सवय असलेली मुलं इथे गडबडतात, उलटं लिहितात. आपण चौऱ्याऐंशी म्हणतो, आपल्याकडेही चार आधी येतो. अडीच वाजले तर जर्मन माणूस 'हाल्प द्राय' म्हणतो, तिसरा तास अर्धा झाला. आपलं अडीचही तसंच, तीनला अर्धा कमी. 'वाइल इश क्रांक बिन', कारण मी आजारी आहे: शब्दाला शब्द लावून बघा, क्रियापद दोन्हीकडे शेवटी. तीन लिंगं त्यांना आहेत, आपल्यालाही. मूल नपुंसकलिंगी, तिकडे 'दास किंट'ही नपुंसकलिंगी. अर्थात हे सगळीकडे जुळत नाही. मुलगी हा शब्दसुद्धा तिकडे नपुंसकलिंगी आहे, आणि प्राणवायूला ते झाउअरश्टोफ म्हणतात, म्हणजे आंबट पदार्थ. ते ऐकून ती पहिल्यांदा हसली.

त्या दिवशी आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. यंदा निघायचं नाही. आणि तयारी म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

"वर्ष वाया जाईल का?" हा आईंचा प्रश्न रास्त होता. त्यांना मी हिशेब मांडून दाखवला. जर्मनच्या ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या असतात. जर्मन शिकवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजाने बी२पर्यंत पोहोचायला ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात, सी१साठी ८०० ते १०००. बारावीनंतर भारतीय विद्यार्थ्याला जर्मन विद्यापीठात सहसा थेट प्रवेश नसतो. जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण असेल किंवा इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण केलं असेल तर त्या विषयापुरती थेट वाट असते. नाहीतर श्टुडिएनकोलेग, म्हणजे साधारण दोन सत्रांचं पूर्वतयारीचं शिक्षण. तिथेही प्रवेशपरीक्षा असते, आणि बहुतेक ठिकाणी किमान बी१, अनेक ठिकाणी बी२ मागतात. हिवाळी सत्राच्या अर्जाची मुदत बहुधा १५ जुलै. ए२वर जुलै गाठणं म्हणजे फी भरून नकार विकत घेणं झालं असतं. आई म्हणाल्या, "मग हिच्या बाबांना मी सांगते."

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात अवघड काही नाही, फक्त वेळेवर करावं लागतं. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं, त्याची फी १८,००० रुपये. राहण्याखाण्याचा वर्षाचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावा लागतो. ती गेली तेव्हा ती रक्कम ११,२०८ युरो होती, सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ झाली. म्हणजे महिन्याला ९९२ युरो. सरकारी श्टुडिएनकोलेगला शिक्षणशुल्क नसलं तरी हे पैसे उभे करावेच लागतात, आणि त्यासाठी कर्ज काढताना घरात मोकळेपणाने बोलणं व्हायलाच हवं. मुलांना त्या कर्जाचं ओझं कळत असतं, आपण बोलत नाही म्हणून ते दुप्पट होतं.

ती पुण्यात राहायला आली आणि भाषेचा क्लास सुरू झाला. क्लासबाहेरचं काम मी दिलं. रोज एक गणित मोठ्याने, जर्मनमध्ये बोलत सोडवायचं, खोलीचं दार लावून, चुकत चुकत. अपूर्णांक वाचायचे, घात वाचायचे, 'एक्सचा वर्ग' म्हणायला शिकायचं. दशांशचिन्हाच्या जागी तिकडे स्वल्पविराम येतो आणि हजारासाठी टिंब, तेव्हा ३,१४ ही पायची (π) किंमत आहे आणि १.००० म्हणजे एक हजार. हाताने लिहिलेल्या सातला ते मधोमध आडवी रेघ देतात, एकला वर शेंडी काढतात. फळ्यावरचा आकडा चुकीचा वाचला तर भाषा कितीही येवो, उत्तर चुकतं. आठवड्यातून एकदा ती मला फोनवर एखादी संकल्पना जर्मनमध्ये समजावायची, आणि शेवटी मराठीतल्यासारखंच विचारायचं, कळलं का? सुरुवातीला ती हा शेवटचा प्रश्न टाळायची. समोरच्याला प्रश्न विचारला की समोरून उत्तर येतं, आणि मग पुन्हा बोलावं लागतं. तो टाळू द्यायचा नाही, एवढंच मी सांभाळलं.

आणखी एक वाक्य तिने शंभर वेळा म्हटलं असेल: "क्योन्टन झी दास बिटं वीडरहोलन?" कृपया पुन्हा सांगाल का? हे वाक्य पाठ असणं आणि ते तीस जणांसमोर तोंडातून निघणं यात फार अंतर आहे. म्हणून रविवारी ती पुण्यातल्या जर्मन शिकणाऱ्या मुलामुलींच्या एका गटात जायची आणि निदान एकदा, समजलं असलं तरी, हे वाक्य वापरून यायची.

२०२३च्या उन्हाळ्यात पहिली प्रवेशपरीक्षा झाली. गणितात पास, जर्मनमध्ये नापास. तिथे सी-टेस्ट नावाचा प्रकार असतो. एक उतारा देतात, त्यात दर दुसऱ्या शब्दाचा उत्तरार्ध खोडलेला असतो, तो भरायचा. शब्द तिला सगळे ओळखू येत होते, पण शेपट्या चुकल्या. 'डेर'च्या जागी 'डेम', विशेषणाचा शेवटचा स्वर, असं सगळं. त्या रात्री तिचा फोन आला, "मी म्हटलं होतं ना मॅडम."

मी तिला उत्तरपत्रिका आठवेल तेवढी लिहून काढायला सांगितली. दुसऱ्या दिवशी आम्ही चुका मोजल्या. बहुतेक सगळ्या विभक्तीच्या होत्या. मराठीत 'घर'चं 'घराला', 'घरात', 'घराचा' तिला कधी शिकावं लागलं नव्हतं. जर्मनमध्ये मात्र ते शेपूट नामाच्या आधीच्या 'डेर'सारख्या उपपदाला लागतं, आणि बोलताना ते गिळून टाकलं तरी चालून जातं, म्हणून लक्षातच आलं नव्हतं. त्यानंतर तिने रोज बातमीचा एक परिच्छेद घेऊन स्वतःच्या हाताने शब्द अर्धे खोडायला आणि चार दिवसांनी तेच भरायला सुरुवात केली. पुढच्या सत्रासाठी दुसऱ्या श्टुडिएनकोलेगची परीक्षा दिली आणि टी-कोर्सला, म्हणजे तंत्रशाखेच्या वर्गाला, प्रवेश मिळाला.

जर्मनीतल्या साक्सनी राज्यातल्या एका शहरात ती गेली. पहिले काही आठवडे वाईट गेले, हे मी लपवणार नाही. बेकरीतल्या बाईंचं बोलणं कळेना, कारण ते क्लासमधलं जर्मन नव्हतं, तिथली बोली होती. सोबतच्या काही जणांचं जर्मन तिच्याहून सफाईदार होतं. ती पुन्हा मागच्या बाकावर बसू लागली. फोनवर मी एकच विचारलं, आज 'क्योन्टन झी' म्हणालीस का? तीन दिवस नाही, चौथ्या दिवशी हो. शिक्षकांनी शांतपणे पुन्हा सांगितलं. वर्गातले दोघे तिच्याकडे वळून म्हणाले, बरं झालं विचारलंस. कुणी हसलं नाही. अर्थात हे आधी कुणी सांगून पटलं नसतं.

वर्षाअखेरीची फेस्टश्टेलुंग्सप्रूफुंग, म्हणजे तिथली अंतिम परीक्षा, ती पास झाली, आणि त्यातला जर्मनचा पेपर विद्यापीठाने भाषेचा पुरावा म्हणून धरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये विद्यापीठ सुरू झालं. पहिल्या दिवशी वेळापत्रकावर दहा वाजता 'सी.टी.' असं लिहिलेलं पाहून ती पावणेदहालाच जाऊन बसली, आणि लेक्चर सव्वादहाला सुरू झालं, कारण 'सी.टी.' म्हणजे दिलेल्या वेळेनंतर पाव तासाने. तास संपल्यावर मुलं टाळ्या न वाजवता बाकांवर बोटांच्या पेरांनी ठकठक करतात, तो आवाज तिने मला फोनवर ऐकवला. लेक्चरचं सगळं कळत नाही, असं ती सांगते. दोन तृतीयांश कळतं, उरलेलं ट्युटोरियलमध्ये विचारते. एका विषयाच्या परीक्षेला बहुतेक ठिकाणी तीनच संधी असतात, हे तिला ठाऊक आहे, आणि त्याची भीती तिला वाटते. वाटायलाही हवी.

मध्यंतरी तिचा मेसेज आला. "मॅडम, आब्लाइटुंगला, म्हणजे डेरिव्हेटिव्हला, मराठीत काय म्हणतात? अकरावीपासून सगळं इंग्रजीत झालं, पुढचे शब्द माझ्याकडे नाहीतच." मी परिभाषा कोश काढला, पान शोधलं आणि कळवलं: विकलज.