खानापूरच्या घाटात पहिल्यांदा जाताना

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या घाटात फिरायला सुरुवात कुठून करू, विचारलंस ना? कणकुंबीपासून कर. सुमारे 790 मीटर उंचीवरच्या या गावात मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. जवळच्याच डोंगरांत जन्मलेली म्हादई मात्र गोव्यातून अरबी समुद्र गाठते. हा पाणलोट एकदा डोळ्यांत बसला की कुठल्या ओढ्याच्या काठाने गेलं तर कुठे उतरू, हे नकाशा न उघडताही उमगायला लागतं.

मग चोर्ला घाटाच्या बाजूचे सडे, म्हणजे उघडी खडकाळ पठारं बघ. वर जांभ्याचं कठीण कवच, माती बोटभर. मोठी झाडं रुजत नाहीत, पण पावसाळ्याच्या अखेरीस दवबिंदू आणि सीतेची आसवं नावाच्या वनस्पती फुलतात. मातीत नत्र कमी, म्हणून दोन्ही ते किड्यांतून मिळवतात. सड्यावर गाडी कधीच चढवू नकोस. चाकांनी उकरलेली ती बोटभर माती पावसात वाहून जाते, आणि ते बघून फार जीव तुटतो रे.

भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं. तिथल्या बारापेडे गुहांतलं रॉटनचं वटवाघूळ अनेक दशकं जगात फक्त इथूनच माहीत होतं. गुहेत शिरायचा हट्ट धरू नकोस. उजेडाने, आवाजाने वटवाघळं बिथरतात. वनखात्याच्या परवानगीशिवाय अभयारण्यात पाऊलही नको.

जळवांसाठी मिठाची पुरचुंडी ठेव. पावसात ओढे बघता बघता चढतात, तेव्हा दुपारीच परत फीर. वाटेत गवा दिसला तर थांब, तो गेल्यावरच पुढे हो.